पडदा आसनांचा, हवा सर्वांची

माझा एक जुना विद्यार्थी आता अभियंता आहे. गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी तो मुंबईहून अमेरिकेला गेला. तिकीट कंपनीने काढलेले, तेही बिझनेस क्लासचे. परत आल्यावर तो घरी भेटायला आला. "कसा झाला प्रवास?" असे मी विचारताच तो म्हणाला, "सर, झोप अगदी घरच्यासारखी लागली. पण एक कोडे पडले. इतके पैसे मोजूनही डाळ अळणी आणि चहा पाणचट! सकाळी उठलो तर घशाला कोरड. मागच्या खेपेला इकॉनॉमी क्लासमध्ये बसून गेलो होतो, तेव्हाही हेच झाले होते. मग जादा पैसे गेले कुठे?"

मी हसून म्हटले, "अरे, तुझ्या प्रश्नाचे उत्तर तुझ्याच शाळेच्या पुस्तकात आहे."

विद्यार्थी मित्रहो, लांब पल्ल्याच्या विमानात पुढच्या भागात बिझनेस क्लास असतो आणि मागे इकॉनॉमी. मध्ये एक साधा कापडी पडदा. पडद्याच्या अलीकडचे तिकीट पलीकडच्या तिकिटापेक्षा कित्येक पट महाग असते. या जादा पैशांत प्रवाशाला नेमके काय मिळते आणि काय मिळू शकत नाही, याचा आज आपण विचार करू. त्यासाठी फारसे अवघड विज्ञान लागणार नाही. दाब, क्षेत्रफळ, उत्कलनबिंदू आणि आर्द्रता, एवढ्या चार गोष्टी आठवल्या म्हणजे पुरे.

अठरा तासांचे उड्डाण

आधी एक खरे उदाहरण पाहू. सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळचे न्यूअर्क हे अंतर सुमारे १५,३०० कि.मी. आहे. वाटेत कोठेही न थांबता ते कापायला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये या मार्गावर चार इंजिनांच्या एअरबस ए-३४०-५०० विमानांची सेवा सुरू केली. २००८ मध्ये या विमानांतील सर्व साधी आसने काढून टाकण्यात आली आणि फक्त बिझनेस क्लासची १०० आसने ठेवण्यात आली. एवढ्या अवाढव्य विमानात अवघे शंभर प्रवासी! परंतु चार इंजिनांची भूक मोठी, आणि इंधन महागलेले. अखेर २०१३ मध्ये ही सेवा बंद पडली.

११ ऑक्टोबर २०१८ रोजी ती पुन्हा सुरू झाली. या वेळी विमान होते दोन इंजिनांचे, अधिक हलके आणि खास लांब पल्ल्यासाठी बनविलेले एअरबस ए-३५०-९००. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते. आसने मात्र अवघी १६१. त्यांपैकी ६७ बिझनेस क्लासची आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीची, म्हणजे या दोहोंच्या मधल्या दर्जाची. अठरा तास माणसाला अरुंद आसनात बसवून ठेवणे योग्य नाही, म्हणून साधा इकॉनॉमी वर्ग ठेवलाच नाही.

अठरा तास म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. सकाळी सहाला शाळेच्या बाकावर बसायचे आणि मध्यरात्री उठायचे! अशा प्रवासात झोप आणि जेवण या किरकोळ बाबी राहत नाहीत.

बसण्यापेक्षा आडवे होणे बरे का?

समजा, एका प्रवाशाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. तो बसतो तेव्हा शरीराच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, म्हणजे जवळजवळ ४४० न्यूटन बल, मांड्या व कुल्ले यांच्या लहानशा क्षेत्रफळावर पडते. हे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर धरले, तर दाब ४,४०० पास्कल येतो. आता तो आडवा झाला. सगळे वजन, म्हणजे ५८८ न्यूटन, समजा ०.४ चौरस मीटरवर पसरले. दाब झाला सुमारे १,५०० पास्कल, म्हणजे पूर्वीच्या एक तृतीयांश. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र तुम्ही पाठ केले आहे. अंग का अवघडते, हे तेच सूत्र सांगते.

दुसरी गोष्ट रक्ताची. बसलेल्या माणसाचे हृदय त्याच्या पावलांपेक्षा साधारण ८५ सें.मी. उंचावर असते. रक्ताची घनता दर घनमीटरला सुमारे १,०६० कि.ग्रॅ. आहे. द्रवस्तंभाचा दाब काढायचा तर घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करायचा. उत्तर येते सुमारे ८,८०० पास्कल, म्हणजेच पाऱ्याचे ६६ मिलिमीटर. पायांतील शिरांवर एवढा जादा दाब तासन्‌तास राहतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. नुसते बसून राहिले की हा पंप बंद पडतो. पाण्याचा अंश शिरांतून बाहेर झिरपतो, पाय सुजतात आणि बूट घट्ट होतात. माणूस आडवा झाला की हृदय आणि पाय एका पातळीवर येतात आणि हा जादा दाब जवळजवळ नाहीसा होतो.

क्वचित प्रसंगी पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार, चार तासांहून अधिक काळ हालचाल न करता प्रवास केला तर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एक एवढाच असतो. महत्त्वाचे म्हणजे, हा धोका मोटार, बस किंवा आगगाडीच्या लांब प्रवासातही असतो आणि बिझनेस क्लासमध्येही असतो. कारण मूळ दोष आसनाच्या दर्जात नसून न हलण्यात आहे. अधूनमधून उठून चालणे, पावले वरखाली करणे हा उपाय फुकट आहे आणि तो दोन्ही वर्गांत चालतो.

उतार आणि माशाचा काटा

आसनाची पूर्ण सपाट खाट करण्याची सोय बिझनेस क्लासमध्ये प्रथम ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली. इतर अनेक कंपन्यांची आसने त्या काळी सरळ होत, पण तिरप्या फळीसारखी. डोके वर आणि पाय खाली. समजा हा उतार आठ अंशांचा आहे. आठ अंशांची साइन किंमत ०.१३९. म्हणजे ६० किलोच्या माणसाला उताराच्या दिशेने खाली ओढणारे बल झाले ५८८ गुणिले ०.१३९, सुमारे ८२ न्यूटन. आठ किलोची पिशवी पायाला बांधून झोपल्यासारखेच हे! घर्षणामुळे माणूस एकदम घसरत नाही, पण विमानाच्या बारीक थरथरीबरोबर रात्रभर हळूहळू सरकत राहतो.

यात आणखी एक गंमत आहे. उंचावर सरळ उडत असतानाही विमानाचे नाक साधारण दोन-तीन अंश वर असते. त्यामुळे विमानातील जमीन कधीच पुरती सपाट नसते. खाट आखताना हा कोनही हिशेबात धरावा लागतो. जेवणाची ढकलगाडी शेपटीकडून नाकाकडे नेताना सेवकाला चढ चढावा लागतो. ८० किलोची गाडी आणि अडीच अंशांचा चढ धरला, तर ती मागे सरकू न देण्यासाठी लागणारे बल तुम्हीच काढून पाहा. उत्तर सुमारे ३४ न्यूटन यायला हवे.

आता प्रश्न येतो जागेचा. दोन मीटर लांबीच्या खाटा एकापुढे एक मांडल्या तर विमानात फारच थोड्या मावतील. येथे भूमिती मदतीला येते. घरी एक प्रयोग करा. आगपेटीच्या सहा काड्या एका रेषेत टोकाला टोक लावून मांडा आणि रांगेची लांबी मोजा. मग त्याच काड्या एकमेकींना समांतर, पण रेषेशी तिरप्या मांडा. रांग किती आखूड झाली पाहा! विमानातील खाटाही अशाच तिरप्या मांडतात. वरून पाहिले तर ही रचना माशाच्या काट्यासारखी दिसते. शिवाय माणूस खांद्यापाशी रुंद आणि पायांपाशी अरुंद असतो. म्हणून खाट पायांकडे निमुळती करतात आणि मागच्याचे पाय पुढच्याच्या हाताशेजारच्या कपाटाखाली सरकवतात.

पण तिरपे बसण्याने एक नवीन अडचण उभी राहते. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने १९८८ मध्ये नवीन विमानांच्या आसनांसाठी कडक चाचण्या ठरविल्या. त्यांतील एका चाचणीत ७७ किलोचा पुतळा आसनात बसवून, ताशी सुमारे ४८ कि.मी. वेगावरून त्याला असा थांबवितात की मंदन गुरुत्वत्वरणाच्या सोळा पटींपर्यंत जावे. न्यूटनचा दुसरा नियम लावा. ७७ गुणिले १६ गुणिले ९.८ म्हणजे सुमारे १२,००० न्यूटन. सव्वा टन वजनाइतके बल! त्यातही आसन जागचे हलता कामा नये आणि पुतळ्याच्या डोक्याला जीवघेणा मार लागता कामा नये. समोर तोंड करून बसलेल्याला कमरेचा पट्टा धरून ठेवतो, पण तिरप्या बसलेल्याचे धड बाजूला फेकले जाते. म्हणून आसन विमानाच्या अक्षाशी १८ अंशांहून अधिक तिरपे असेल, तर खांद्यावरचा पट्टा किंवा हवेची पिशवी अशी डोक्याच्या रक्षणाची वेगळी सोय करावी लागते. उड्डाण करताना आणि उतरताना प्रत्येक खाटेचे पुन्हा आसन करायला सांगतात, तेही याचसाठी. निम्मी दारे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकले पाहिजेत, असा दुसरा नियम आहे. खाटा पसरलेल्या असतील तर ते कसे साधावे?

आता खाटेवरून जेवणाच्या ताटाकडे वळू. पण ताटापूर्वी हवेचा विचार करावा लागेल.

कळसूबाईहून उंच जेवणघर

अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी, सुमारे २२.६ किलोपास्कल असतो आणि तापमान उणे ५६ अंश सेल्सिअस. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. मात्र ती जमिनीवरच्या १०१ किलोपास्कलपर्यंत भरत नाहीत. का बरे? आत १०१ आणि बाहेर २२.६ असेल तर विमानाच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून बाहेर सुमारे आठ टन वजनाइतके बल लागेल. तेवढे सोसायला भिंत जाड करावी लागेल आणि विमान जड होईल. म्हणून आतला दाब निदान ७५ किलोपास्कल असावा, असा मध्यममार्ग काढला आहे. हा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे विमानातील प्रत्येक प्रवासी, त्याचे तिकीट कोणतेही असो, कळसूबाईच्याही बराच वर बसून जेवत असतो!

७५ किलोपास्कल दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे ९२ अंशांनाच उकळते. चहाच्या पानांतील अर्क उतरण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. म्हणून विमानातला चहा फिका. चांदीच्या किटलीतून ओतला तरी फिकाच. माझ्या विद्यार्थ्याच्या निम्म्या तक्रारीचे उत्तर येथेच मिळाले.

बॉइलचा नियमही आठवा. दाब तीन चतुर्थांश झाला की बंदिस्त हवेचे घनफळ चार तृतीयांश होते. दह्याच्या वाटीवरचे झाकण फुगते, वेफर्सची पिशवी टम्म होते आणि पोटातील वायूही तेवढाच प्रसरण पावतो. उड्डाणापूर्वी वाटाण्याची उसळ भरपेट खाऊन निघालेल्या माणसाला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

२०११ पासून सेवेत असलेले बोइंग ७८७ आणि २०१५ पासून सेवेत असलेले एअरबस ए-३५० यांच्या बांधणीत कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा मोठा वापर आहे. या विमानांत हवेचा दाब सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या इतका ठेवतात. पाणी तेथे ९४ अंशांना उकळते. सुधारणा झाली खरी, पण ती साऱ्या विमानाला मिळाली. पडद्यापुढे दाब जास्त आणि मागे कमी, असे करता येत नाही. दाब सगळीकडे समान होतो. त्याला तिकीट वाचता येत नाही.

जमिनीवर शिजते, आकाशात तापते

विमानात जेवण देण्याची प्रथा जुनी आहे. ११ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडन ते पॅरिस जाणाऱ्या विमानात हँडली पेज कंपनीने तीन शिलिंगांना जेवणाचा डबा दिला. योगायोग असा, की न्यूअर्कची सेवा पुन्हा सुरू झाली ती बरोबर ९९ वर्षांनी, त्याच तारखेला.

त्या डब्यातले जेवण गार असे. आज गरम जेवण मिळते, पण ते विमानात शिजत नाही. विमानात उघडी ज्योत पेटवता येत नाही. सर्व पदार्थ विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात काही तास आधी शिजवितात, झपाट्याने ५ अंशांच्या खाली थंड करतात आणि थंडच विमानात चढवितात. विमानातल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलीत, ते फक्त तापवितात. हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. म्हणून भट्टीत पंखा लावून गरम हवा अन्नावरून वेगाने खेळविली जाते. अशी पंख्याची भट्टी १९४०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत विमानातील गोठविलेले जेवण तापविण्यासाठीच प्रथम बनविली गेली. आज ती बेकऱ्यांतून आणि घरांतूनही दिसते.

वेगाने वाहणाऱ्या गरम हवेत ओले कपडे जसे झटपट वाळतात, तसे अन्नही वाळते. म्हणून विमानात रस्सा, डाळ, सॉस यांत बुडालेले पदार्थ अधिक. कुरकुरीत भजी किंवा तव्यावरची भाकरी तेथे तग धरत नाही. बिझनेस क्लासमध्ये जेवण चिनी मातीच्या बश्यांत, एकामागून एक, टापटिपीने वाढतात. इकॉनॉमीत एकाच तबकात सारे येते. पण दोघांचे अन्न जमिनीवरच शिजलेले असते आणि तापते तेही तशाच भट्टीत.

अठरा तासांच्या उड्डाणात दुसरे जेवण सुटल्यानंतर कित्येक तासांनी वाढतात. तोवर ते थंड ठेवण्यासाठी गॅलीत शीतयंत्रे असतात, किंवा ढकलगाडीत घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कोरडा बर्फ, ठेवतात. तो उणे ७८ अंशांना वितळण्याऐवजी सरळ वायू होतो, त्यामुळे कोठे पाणी होत नाही. हा थंडावा किती मोलाचा आहे पाहा. अनुकूल उबेत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सहा तासांत ही दुप्पट अठरा वेळा होईल आणि एका जीवाणूचे २,६२,१४४ होतील! फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोहून अँकरेजमार्गे कोपनहेगनला जाणाऱ्या एका जपानी विमानात १९७ जण एकाच वेळी आजारी पडले. एका स्वयंपाक्याच्या बोटाला जखम होती. त्यातील जीवाणू ऑम्लेटमध्ये गेले, आणि अन्न पुरेसे थंड न ठेवल्यामुळे वाढले. त्यांनी तयार केलेले विष विमानातील भट्टीत तापवूनही नष्ट झाले नाही. मुख्य वैमानिक आणि सहवैमानिक यांना वेगवेगळे जेवण देण्याची पद्धत का आहे, हे आता सांगायला नको.

डाळ अळणी का लागते?

आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो. हवेचा दाब कमी झाला आणि नाक कोरडे पडले की वास मंद होतो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने होल्झकिर्खेन येथे एका मोठ्या निर्वात टाकीत खऱ्या विमानाचा पुढचा भागच बसविला आहे. तेथे हवेचा दाब व आर्द्रता कमी करून, इंजिनाचा आवाज ऐकवून माणसांना जेवू घातले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की त्या स्थितीत मीठ सुमारे २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते. याउलट टोमॅटोचा रस जमिनीवर मातकट लागतो, तो तेथे गोड आणि ताजा लागतो.

आवाजाचाही यात हात आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात विमानाइतका, सुमारे ८५ डेसिबलचा आवाज ऐकविला असता गोड चव मंदावली. टोमॅटो, अळंबी यांत असलेली 'उमामी' नावाची पाचवी चव मात्र वाढली. म्हणून विमानासाठी रांधणारे आचारी मिठापेक्षा मसाले, टोमॅटो, आंबट पदार्थ यांवर भर देतात. डाळीत मीठ कमी नव्हते, तर ते कळविणारी जीभ आणि नाक बदलले होते!

पुढची हवा अधिक कोरडी

आता घशाच्या कोरडीकडे येऊ. उणे ५६ अंशांच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. तीच हवा दाबून २३ अंशांपर्यंत उबदार केली, तर तिची सापेक्ष आर्द्रता एक टक्काही भरत नाही. मग विमानात १० ते २० टक्के आर्द्रता येते कोठून? प्रवाशांच्या श्वासातून आणि त्वचेतून! आता विचार करा. माणसे दाटीने कोठे बसली आहेत? इकॉनॉमीत. ऐसपैस कोठे? बिझनेस क्लासमध्ये. म्हणून महागड्या भागातील हवा मागच्यापेक्षा अधिक कोरडी असते. काही विमानांत पुढच्या भागासाठी हवेत ओलावा घालणारी यंत्रे मुद्दाम बसवावी लागतात, ती याचमुळे. पैसे देऊन घेतलेल्या मोकळ्या जागेबरोबर कोरडा घसाही पदरात पडतो!

एका किलोची किंमत

शेवटी हिशेब. विमानाचे पंख वजन तोलून धरतात, तेव्हा हवा त्यांना विरोध करते. आधुनिक प्रवासी विमानात हा विरोध वजनाच्या सुमारे एक विसांश असतो. एक किलो जादा सामान घेतले की विरोध वाढतो ०.४९ न्यूटनने. विमानाचा वेग सेकंदाला २५० मीटर धरू. म्हणजे शक्ती लागली सुमारे १२२ वॅट आणि तासाभरात ऊर्जा लागली सुमारे ४,४०,००० जूल. एक किलो विमान इंधनातून ४.३ कोटी जूल उष्णता मिळते. इंजिन त्यातील ३६ टक्के कामी लावते असे धरले, तर एक किलो वजन एक तास वाहायला सुमारे २८ ग्रॅम इंधन जळते. अठरा तासांत निदान अर्धा किलो! शिवाय ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते ते वेगळेच.

इकॉनॉमीचे एक आसन साधारण दहा-बारा किलोचे असते. बिझनेस क्लासचे मोटारी, कपाट, पडदा-दार यांसह ऐंशी किलो किंवा अधिक भरते. सत्तर किलोंचा फरक धरा. एका फेरीत नुसत्या आसनापायी पस्तीस किलो इंधन जळते आणि त्यातून सुमारे ११० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि वजनापेक्षाही मोठी गोष्ट जागेची. ज्या रुंदीत इकॉनॉमीची नऊ आसने बसतात, तेथे बिझनेस क्लासची चार. म्हणून ब्रिटिश सरकारच्या हिशेबपद्धतीत लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लास प्रवाशाच्या नावावर इकॉनॉमीतील प्रवाशाच्या सुमारे तिप्पट कार्बन डायऑक्साइड मांडतात. हा कार्बन डायऑक्साइड मात्र पडद्यापुढे राहत नाही. तो साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो, आणि ज्यांनी कधी विमानात पाऊल ठेवले नाही त्यांच्याही वाट्याला येतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. जादा पैशांत त्याला क्षेत्रफळ मिळाले, आडवे होण्याचा कोन मिळाला, आणि इंजिनांच्या पुढे बसल्याने थोडी शांतता मिळाली. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला त्यांचे मोल फार असते, हे नाकारून चालणार नाही. पण दाब, उत्कलनबिंदू, आर्द्रता आणि जिभेचा स्वभाव यांवर त्याच्या कंपनीचा धनादेश वटला नाही. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मग सर, पुढच्या वेळी मी मागे बसतो, दर दोन तासांनी उठून चालतो आणि डाळीत लिंबू पिळतो." मला वाटते, त्याला उत्तर समजले.

तुम्हांला विमान नाही मिळाले तरी हे विज्ञान तपासून पाहता येईल. महाबळेश्वरला गेलात तर तेथे रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूच घट्ट लावा आणि घाट उतरल्यावर ती कशी चेपते ते पाहा. शिक्षकांच्या देखरेखीखाली सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळीत थोडे ऊन पाणी घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. पाणी गॅसवर न ठेवताच उकळू लागेल. आणि आज रात्री जेवताना नाक चिमटीत धरून आमटीचा एक घोट घ्या. तुमच्या घरच्या आमटीत मीठ बरोबर आहे. तरीही ती कशी लागली, ते वहीत लिहून ठेवा.